तक्रार नाही

कागद आला तेव्हा मी अंगणात
बोंडूंच्या बिया मुरगळून काढत होते.
चिकट हातानेच सही केली.
हे उठून दारात येईपर्यंत
पोस्टमन पुढच्या वाड्यावर पोचला असता.

एक पान. खाली गोल शिक्का.
वाळपईला कायतानच्या दुकानात
टाइपरायटरवरची धूळ फुंकत
त्याने ते मला मराठीत सांगितलं:
अपंगत्व वीस टक्के, पूर्वी होतं तेवढंच.
वाढ नामंजूर.
आणि मध्ये एक ओळ,
रुग्णाची तक्रार नाही.

कोण म्हणालं असं?
कायतानने चष्मा काढला.
'बाय, हे रुग्णालाच विचारून लिहितात.'

मग आठवलं.
जानेवारीत, पहाटेच्या कदंबाने आम्ही पणजीला गेलो,
सीट मिळूनही हे दांडा धरून उभे,
कारण बसलं की उठवत नाही.
लष्करी इस्पितळाच्या फाटकाबाहेर
मी वाकून यांच्या बुटांच्या नाड्या बांधल्या,
आतून कुणाला दिसू नये अशा बेताने.
डॉक्टर आमच्या थोरल्याच्या वयाचा.
आदरानेच विचारलं त्याने, कैसे हो हवालदार साहब?
आणि रात्री भिंतीला धरधरून मोरीपर्यंत जाणारा हा माणूस
टाचा जुळवून म्हणाला,
ठीक है साहब.

दार अर्धं उघडं होतं. मी ऐकलं.
तेव्हा मला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

घरी येऊन भांडले.
खोटं कशाला बोललात?
बराच वेळ हे सुरीने सुपारी कातरत राहिले.
मग म्हणाले,
वर चौकीवर एकाने दुखतं म्हटलं
की त्याचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर जायचं.
म्हणून कुणी म्हणायचं नाही.

कोणाची पाठ, कुठली चौकी,
रॉकेलचा डबा वाचवताना हे किती खोल घसरले,
ते फायलीत आहे. ते कुणी नाकारलेलं नाही.
नाकारलंय ते नंतरचं,
सव्वीस वर्षं घरात रोज थोडं थोडं घडलेलं.

कायतान, घाल कागद.
लिही: आमच्या घराला पाच पायऱ्या.
वीस टक्के म्हणजे पाचातली एक चढवत नाही, असंच ना?
यांना पाचातली एक चढवते.
उरलेल्या चार माझ्या खांद्यावर.
कायतान म्हणाला, असं चालत नाही अपिलात,
गोमेकॉचा दाखला लागेल, नवे एक्स-रे,
आणि पहिल्या अपिलात जमलं नाही तर पुढे मुंबईचं न्यायाधिकरण.
तेही जोडू, म्हटलं. पण पायऱ्या राहू देत.
त्याने राहू दिल्या.

संध्याकाळी यांनी मसुदा वाचला,
एका शब्दावर बोट ठेवलं.
'असह्य' काढ.
का?
सहन केलंय ना. मग असह्य कसं?

मला उत्तर सुचेना. खरंच सुचेना.
पेज उतू गेली, मी आत धावले,
परत आले तर त्यांनी तो शब्द स्वतःच खोडला होता
आणि खाली सही,
आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव,
रोहिदास माजिक,
तिन्ही अक्षरं न थरथरता.
मला राग आला त्या सरळ सहीचा.
तीही पुरावा म्हणून धरतील,
हात कसा शाबूत आहे बघा.

काल रात्री दिवे गेले होते.
अंधारात त्यांनी मला हाक मारली,
आजवर कधी मारली नव्हती अशी, हलक्या आवाजात.
दुखतंय गो.

मी उठले. तेल चोळायला म्हणून हात पुढे केला.
ते म्हणाले, ते नंतर.
आधी लिहून ठेव.

पेन सापडलं, कागद सापडेना.
विजेच्या बिलाच्या पाठीमागे,
मोबाइलच्या उजेडात,
मी तारीख घातली, वेळ घातली,
दोन वाजून चाळीस मिनिटं,
आणि त्यापुढे, मोठ्या अक्षरात,
तक्रार आहे.